पाहुण्यांच्या दिवसाचं घर

कपाट गल्लीतून आडवं चाललं होतं. पुढे दोघे, मागे दोघे, असं चार माणसांच्या खांद्यावर. समोरून म्हातारे धुळाप्पा येत होते. त्यांनी लांबून बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले. ओझं जवळ आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "कपाट व्हय? मला वाटलं, कोण गेलं," असं म्हणून ते बोळक्या तोंडानं हसले. कपाट वाहणारे हसले, आणि मी तर भिंतीला हात टेकून हसले. मी चोवीस वर्षांची होते आणि त्या दिवशी सकाळपासून मला कशाचंही हसू येत होतं.

कपाट निलव्वा टकलेच्या घरात गेलं. त्याआधी पिठाच्या गिरणीवाल्याचा टेबलफॅन गेला होता. त्याच्या मागून शाळेतल्या गुरुजींचा रंगीत टीव्ही, गोधडीत गुंडाळून. मग सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कॉट, भिंतीवरचं घड्याळ, स्टीलचे डबे. कपाट किराणा दुकानदाराचं होतं आणि त्यानं ते रिकामं करायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. त्याच्या बायकोच्या साड्या, त्याचे सदरे, लग्नातला कोट, सगळ्यासकट ते आलं होतं. चौघांच्या मानेवर घामाच्या धारा लागल्या होत्या.

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं, त्यामुळे मला जरा मोठेपणाही वाटत होता.

समाजकार्याची पदवी घेऊन मी सोलापुरातल्या एका संस्थेत लागले होते. संस्थेला परदेशातून पैसा यायचा आणि त्यातून आम्ही आडबाजूच्या वस्त्यांवर लोकर प्रकल्प चालवायचो. हिंगणवस्ती ही माझ्याकडे दिलेली वस्ती. बत्तीस उंबरे, बहुतेक सगळे घोंगडी विणणारे. आम्ही बायकांना नवे चरखे दिले, सुधारलेले माग दिले, मागावर पत्र्याचं छप्पर घालून दिलं, आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत घोंगडी न्यायला सुरुवात केली. तीन वर्षांत घरटी उत्पन्न दुप्पट करायचं असं प्रकल्पाच्या कागदात लिहिलेलं होतं आणि खरोखरच ते दुप्पट झालं होतं. यात खोटं काही नव्हतं. पूर्वी निलव्वाच्या मागावरून महिन्याला दोन घोंगड्या उतरायच्या, आता पाच उतरत होत्या. पूर्वी एकदाच चूल पेटायची, ती आता दोनदा पेटत होती. पण शून्याची दुप्पट किती होते हे मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

निलव्वा तिशीची असेल. सरळ, काटक, आणि बोलायला अशी की समोरच्याला तोंड लपवायला जागा मिळू नये. मी पहिल्यांदा वस्तीवर गेले आणि गरिबी कशी हटेल यावर वीस मिनिटं बोलले, तेव्हा तिनं शेवटी एवढंच विचारलं होतं, "ताई, तुमी सकाळधरनं काय खाल्लंय का?" मग चिंचोक्याची खळ लावलेले हात धुऊन तिनं मला भाकरी वाढली. त्या दिवसापासून मी तिच्या घरची झाले. तिचा नवरा मायाप्पा घोंगड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून घाटाखालचे बाजार करत फिरायचा आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. घरात ती आणि नऊ वर्षांची शेवंता.

शेवंताच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. तिची नखं जांभळट दिसायची आणि ओठांवर कायम जांभूळ खाल्ल्यासारखा रंग असायचा. चालता चालता ती मध्येच उकिडवी बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, पोर खेळतेय. मी विचारलं, "दमलीस का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "बसलं की परत दिसाया लागतंय."

आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ऑपरेशन उन्हाळ्याच्या आत झालं पाहिजे. उन्हाळा निघायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. खर्च लाखाच्या पुढे. पण टकल्यांकडे पिवळं रेशनकार्ड होतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या माणसाचं असलं ऑपरेशन सरकार पुण्याच्या मोठ्या इस्पितळात फुकट करत असे. कागदपत्रं मी जमवत होते. सगळे कागद तयार होते. फक्त एक राहिला होता: दारिद्र्यरेषेच्या यादीचा नवा सर्व्हे चालू होता आणि नव्या यादीतला उतारा जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. त्याची मला काळजी नव्हती. टकल्यांचं घर यादीत नाही आलं तर त्या तालुक्यात कुणाचं येणार होतं?

पाहुण्या येणार होत्या इंग्रिड बाई. ज्या देशातून पैसा यायचा तिथल्या संस्थेच्या त्या अधिकारी. प्रकल्पाचा पहिला टप्पा संपत आला होता आणि दुसऱ्यात ऐंशी वस्त्या घ्यायच्या होत्या. तो मिळणार की नाही हे त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं. आमचे संचालक खासनीस सर आठवडाभर आधीपासून फोनवर एकच सांगत होते, "शुभदा, बदल दिसला पाहिजे. आकडे मी दाखवीन, पण डोळ्यांना दिसला पाहिजे." मी निलव्वाला तेच सांगितलं. म्हटलं, बाहेरचे लोक तुझं घर बघायला येणार आहेत, घर जरा नीट दिसू दे.

माझ्या डोक्यात सडा-सारवण होतं. वस्तीच्या डोक्यात वेगळंच होतं. तिथं कुणाच्या घरी मुलगी बघायला लोक आले की सगळी वस्ती त्या घरात आपलं चांगलंचुंगलं सामान नेऊन मांडायची. कमीपणा त्या एका घराला नाही, सगळ्या वस्तीला, असा हिशोब. आणि त्याचा एक नियम होता. पाहुण्यांनी पाठ फिरवेपर्यंत जे घरात आहे ते त्या घराचं. उसनं आणलंय असं ना घरच्यानं बोलायचं, ना देणाऱ्यानं. बोलला तर देणाऱ्याचा अपमान, आणि असा अपमान तिथं कुणी विसरत नसे. निलव्वाच्या लग्नात तिच्या सासऱ्याच्या तोंडून असं काही निसटलं होतं म्हणे. ज्या घरानं पितळी हंडा दिला होता ते घर आठ वर्षं टकल्यांशी बोललं नव्हतं.

हे तिनंच मला त्या सकाळी सांगितलं, खुर्च्या पुसता पुसता. मी म्हटलं, "अगं, पण हे काय मुलगी बघायला थोडेच येतायत?"

"बगाय तर येत्यात न्हवं?" ती म्हणाली.

मी हसले. आणि घराच्या दारात उभी राहून आत बघितलं. खरं सांगायचं तर मला ते घर फार आवडलं. खासनीस सरांना काय वाटेल ते डोळ्यांपुढे आलं. शेवंता दुसऱ्या कुणाच्या तरी फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये कॉटवर बसून पंख्यासमोर तोंड नेऊन आवाज काढत होती. मी टीव्हीवरची गोधडी काढून तिची घडी घातली.

अकराच्या सुमाराला जीप आली. इंग्रिड बाई उतरल्या, उंच, पन्नाशीच्या, सुती पंजाबी ड्रेसमध्ये. त्या भल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी पुष्कळ दिवस त्यांना वाईट ठरवायचा प्रयत्न केला आणि ते मला जमलं नाही. त्या निलव्वाच्या मागापाशी जमिनीवर बसल्या, धोटा हातात घेऊन बघितला, सूत तोडलं आणि लाजल्या. त्यांच्या मागून खासनीस सर उतरले, आणि सरांच्या मागून ग्रामसेवक मुळीक. मुळीकांना तिथं बघून मी जरा चमकले. सर म्हणाले, शासनाचंही सहकार्य आहे हे बाईंना दिसेल. मुळीक भाऊसाहेबांना वस्तीवर एरवी सायकलवर यावं लागायचं. आज जीप मिळाली म्हणून त्यांनी काखेत सर्व्हेचं पॅडही आणलं होतं. म्हणाले, आलोच आहे तर दोन-चार घरं उरकून घेतो.

सुरुवात निलव्वाच्या घरापासून.

तेरा प्रश्नांचा फॉर्म होता तो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. घर जितकं नडलेलं तितके गुण कमी. ठरलेल्या आकड्याच्या वर गुण गेले की घर यादीबाहेर. मुळीक खुर्चीवर बसले, पंख्याचा वारा अंगावर घेतला, आणि कागदाकडे बघतच विचारू लागले. मी इंग्रिड बाईंच्या शेजारी उभी राहून निलव्वाचं बोलणं इंग्रजीत सांगत होते.

घराचं त्यांनी विचारलंच नाही. वर बघितलं, नवा पत्रा दिसला, लिहून टाकलं. आम्हीच घातलेला पत्रा होता तो.

"टीव्ही?"

"हाय," निलव्वा म्हणाली.

"पंखा तर मी खातोयच. अंगावरचे कपडे?"

निलव्वा काही बोलायच्या आत त्यांनी हात लांबवून कपाट उघडलं. साड्या खचाखच भरलेल्या होत्या. कोट हॅंगरला होता. मुळीकांनी एक शीळ घातली आणि आकडा लिहिला.

निलव्वानं माझ्याकडे बघितलं. इंग्रिड बाई मला नेमकं तेव्हाच काहीतरी विचारत होत्या. घोंगडीला बटणं लावून कोट करता येईल का, असं काहीतरी. मी त्यांना उत्तर दिलं.

"दोन टाइम जेवण?"

"खातू की पोटभर."

"कामधंदा काय लिहू?"

इथं खासनीस सर मध्ये पडले. म्हणाले, कारागीर लिहा, मजूर नको. तीन वर्षांत उत्पन्न दुप्पट झालंय, तेही लिहा. आणि तेच वाक्य त्यांनी इंग्रिड बाईंकडे वळून इंग्रजीतही सांगितलं. बाईंनी निलव्वाचे दोन्ही हात हातात घेतले.

शेवटचा प्रश्न होता, सरकारकडून कसली मदत पाहिजे. निलव्वा खाली बघून म्हणाली, "पोरीच्या ऑपरेशनचं तेवढं बगा, भाऊसायेब."

"ते पिवळ्या कार्डावर हुतंय की," मुळीक म्हणाले. "त्याचा हितं काय संबंध?" आणि त्यांनी त्या प्रश्नापुढे लिहिलं, मदतीची गरज नाही. मी त्यांच्या खुर्चीच्या मागेच होते. अक्षर सुवाच्य होतं.

इंग्रिड बाईंनी विचारलं, मुलीला काय झालंय? शेवंता तेव्हा कॉटवरून उतरून दाराशी उकिडवी बसली होती. मी त्यांना आजार सांगितला आणि म्हटलं, ऑपरेशन फुकट होणार आहे, सगळं ठरलंय. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. मग मुळीकांनी पॅड माझ्यापुढे धरलं. माहिती समक्ष घेतली म्हणून साक्षीदाराची सही लागते, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच करा. "बरोबर हाय न्हवं सगळं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी "बरोबर" म्हटलं आणि सही केली.

जीप धूळ उडवत गेली. बायका आल्या, पुरुष आले, आणि ज्याचं त्यानं उचलून नेलं. अर्ध्या तासात घरात चूल, माग, ट्रंक आणि दोघी मायलेकी राहिल्या. फ्रॉकसुद्धा गेला. शेवंता परकर नेसून भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता. निलव्वा उंबऱ्यात बसली. तिनं मला चहाचं विचारलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, एसटीची वेळ झाली, आणि निघाले.

एकोणीस दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. वस्तीतली एकतीस घरं यादीत होती. किराणा दुकानदारसुद्धा होता. त्याच्या घरी मुळीक दुसऱ्या आठवड्यात सायकलवर गेले, तेव्हा दुकानदारानं कपाट कुठं दडवलं होतं कुणास ठाऊक. टकल्यांचं नाव नव्हतं. मायाप्पा घाटाखालून आला होता. तो भिंतीसमोर उभा राहून यादी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचत होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "ताई, आमचं कुटं हाय ते दावा." मी दुसऱ्या पानावर असेल म्हणाले. दुसरं पान नव्हतं.

मी तिरीमिरीत मुळीकांकडे गेले. म्हटलं, चूक झालीय, दुरुस्त करा. मुळीक वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाइल काढली, फॉर्म माझ्या बाजूला फिरवून ठेवला, आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सही कुणाची हाय?"

ती माझी होती.

"मी काय म्हणतो, मॅडम, सामान त्यांचं न्हवतं, हे मला मागनं कळलं. आमाला समद्या गावाचं कळतंय. पण मी लिहिलं आणि तुमी सही ठोकली. आता तुमी लेखी द्या की सामान उसनं हुतं आणि ते माहीत असून तुमी सही केली. एक महिन्याची मुदत हाय. मी लगेच फेरतपासणी लावतो. तेवढा कागद मला पायजे. त्याबिगर माझी मान अडकती."

आता जे सांगायचं ते सांगते. मला त्याच दिवशी कळलं होतं. यादी लागल्यावर नव्हे, संध्याकाळी एसटीत बसल्यावरही नव्हे. त्यांनी कपाट उघडलं आणि निलव्वानं माझ्याकडे बघितलं, तेव्हाच. फॉर्म काय आहे हे मला तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, गुण कसे पडतात हे मी स्वतः वस्तीवर समजावून सांगितलं होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की थांबा, हे यांचं नाही. पण इंग्रिड बाई शेजारी उभ्या होत्या. खासनीस सर समोर उभे होते. माझं तीन वर्षांचं काम त्या खोलीत मांडून ठेवलेलं होतं आणि ते उसनं आहे असं माझ्या तोंडानं म्हणायची मला लाज वाटली. म्हटलं, मागून बघू.

मी खासनीस सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात समजावलं. बाईंचा अहवाल गेलाय. त्यात टकल्यांच्या घरावर अख्खं पान आहे, फोटोसकट. दुसऱ्या टप्प्याची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तू आत्ता लिहून दिलंस की दाखवलेलं घर उसनं होतं, तर तो कागद कुठपर्यंत जाईल याचा तुला अंदाज आहे का? ऐंशी वस्त्या आहेत, शुभदा. ऐंशी वस्त्यांतल्या पोरांचं काय?

मी विचारलं, "आणि शेवंताचं?"

"टप्पा मंजूर होऊ दे," सर म्हणाले. "मी स्वतः तिच्या ऑपरेशनसाठी वेगळी तरतूद मागतो. मार्चला किती दिवस राहिलेत?"

उन्हाळ्याच्या आत, असं डॉक्टर म्हणाले होते. मार्च उन्हाळ्याच्या आतच येत होता. मी कॅलेंडर काढून खरंच तारखा बघितल्या, आणि मला ते पटलं. पटवून घ्यायला मी किती आतुर होते हे आज कळतं. मी मुळीकांना एक अर्ज दिला, पण त्यात 'नजरचुकीने' असा शब्द घातला. सामान उसनं होतं हे लिहिलं नाही, मला माहीत होतं हेही लिहिलं नाही. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "ह्याच्यानं काय हुनार न्हाई, मॅडम." महिन्याची मुदत संपली त्या दिवशी मी दुसऱ्या वस्तीवर चरखे वाटत होते.

वस्तीवर जाणं मी कमी केलं. गेले की निलव्वा विचारायची, कागदाचं कुठवर आलं? मी म्हणायची, चाललंय. मार्चमध्ये होईल. ती मान हलवायची आणि मागावर बसायची. एकदा शेवंतानं मला तिच्या हाताची बोटं दाखवली. टोकाला फुगून गोल झाली होती. "माझी बोटं मोठी व्हायला लागल्यात," ती म्हणाली. तिला त्याचं कौतुक वाटत होतं. मी तिला खडूची पेटी दिली आणि लवकर निघाले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, भर दुपारी ती गेली. शाळेतून येताना गल्लीत बसली आणि उठली नाही. मला निरोप मंगळवारी मिळाला. खासनीस सर तेव्हा दिल्लीला होते. पुढच्या आठवड्यात दुसरा टप्पा मंजूर झाला.

तो झालाही व्यवस्थित. ऐंशीच्या ऐंशी वस्त्या. मी त्यातल्या बावीसांवर काम केलं, आणि नंतर तशाच दुसऱ्या प्रकल्पांवर वीस वर्षं. लोकांच्या हातात पैसा आला, घरांवर स्लॅब पडले, पोरी कॉलेजला गेल्या. हिंगणवस्तीत आज घरटी टीव्ही आहे आणि तो ज्याचा त्याचा आहे. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे हे सगळं, ते खोटं आहे असं मी कसं म्हणू? पण कुणी नवी पोरगी कामावर लागली आणि आकड्यांचे तक्ते घेऊन माझ्यासमोर बसली की माझं तिच्या तक्त्यांत लक्ष लागत नाही.

निलव्वाकडे मी तेरा दिवस झाल्यावर गेले. आधी जायचा धीर झाला नाही. वाटेत मी मनाची तयारी केली होती. ती ओरडेल, हाकलून देईल, मायाप्पा अंगावर धावून येईल. यातलं काहीही मला चाललं असतं. मायाप्पा बाजाराला गेला होता. निलव्वा मागावर होती. मला बघून ती उठली, पाण्याचा तांब्या आणला, आणि समोर बसली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं.

"तुमास्नी एक इचारू का, ताई?"

मी मान हलवली.

"त्या दिशी भाऊसायबानं कपाट उगडलं, तवाच माज्या काळजात चर्र झालं. म्हनलं, आता सांगावं, ह्ये आमचं न्हाई. देनाऱ्याला राग आला तर येऊ दे. पर तुमी त्या गोऱ्या बाईबरुबर बोलत हुता. तुमचा सायेब हुता. मी मधीच बोलले असते तर चार मान्सांत तुमची मान खाली गेली असती." रागाचा लवलेश तिच्या आवाजात नव्हता, ती खरंच विचारत होती. "माज्या घरात जेवल्याली पोर तुमी. म्हनलं, न्हाई बोलायचं. ताई शिकल्याली हाय, तिला समदं ठावं हाय. मागनं ती सांगंल. सांगितलं न्हाई व्हय, ताई, तुमी?"

सांगायला मला दोन महिने आणि अकरा दिवस मिळाले होते.